स्वस्तातला बाजा

शेलूबाजारात रामकिसन आणि गोजराबाई जुना ग्रामोफोन पाहत होते. सासरचा मार खाऊन आलेल्या सुभीला, पोटच्या पोरीला, रामकिसननंच परत धाडलं होतं. तिकडं विहिरीतून तिचं प्रेत काढलं. तेव्हापासून घर मुकं झालं, म्हणून आता हा आवाज विकत घेणं.

दुकानदारानं चावी दिली, तबकडीवर सुई ठेवली. "हा स्वस्त हाय, पण खरखरते. दुसरा पाहा."

"खरखर नाई," गोजराबाई म्हणाली. "आपली सुभी दळून राह्यली."

दुकानदारानं सुई उचलली. तबकडी थांबली. जातं मात्र फिरतच राहिलं. भोंग्यातून ओवी आली. पहिली आईच्या नावानं, दुसरी भावाच्या.

"तिसरी तुमाले," नवऱ्याकडं न पाहता गोजराबाई म्हणाली.

जातं थांबलं. रामकिसन भोंग्यापाशी वाकला. आत कोणीतरी नुसता श्वास घेत होतं, ओला.