बहिऱ्याचा परवाना

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मला बायको एका बहिऱ्या कारकुनानं दिली," म्हातारा जेबेझ बिअरचा पेला उंचावत म्हणाला. गुत्त्यातली मंडळी सरसावून बसली. तरुणपणी जहाज फुटल्यावर तो प्लिमथहून यॉर्कला पायी निघाला होता. परवान्याशिवाय भटकणाऱ्या गरिबाला तेव्हा थेट कोठडी मिळे. "तोफ उडाली तरी दार वाजलं समजून परवानेवाला कारकून 'आत या' म्हणायचा. मी ओरडलो, 'सोबत कुणी नाही'. त्यानं लिहिलं, 'सोबत बायको'. मागे ही टॅमसिन उभी, ती जन्माची चिकटली. त्या एका कागदावर गावोगाव दोघांना पाव मिळाला, गोठ्यात निजायला मिळालं. देव त्या बहिऱ्याचं भलं करो." टॅमसिन हातातल्या विणकामावरून नजर न काढता म्हणाली, "खोटारड्या, त्याचे कान तुझ्यापेक्षा तिखट होते. शिपाई मला कोठडीत नेत होता, तेव्हा 'ही माझी बायको' तूच म्हणालास."