पंचाहत्तर टक्के हजेरी

पोलादपूरची आवडी दर रविवारी एसटीने महाडला जायची आणि निरंतर शिक्षणाच्या लघुउद्योग वर्गात पुढच्या बाकावर बसायची. त्या पावसाळ्यात कशेडी घाटात दर दोन दिवसांनी दरड कोसळायची आणि ट्रकांची रांग लागायची. आवडीने घाटातच चूल मांडली, अडकलेल्या ड्रायव्हरांना चहा-भजी विकली आणि तिचे चार वर्ग बुडाले.

वर्ग घेणाऱ्या चारुशीला मॅडमनी शेवटी प्रमाणपत्र नाकारलं. "हजेरी भरत नाही, आवडीबाई. धंद्याला शिस्त लागते. तुम्हाला नाही जमायचा धंदा."

"पन मॅडम, मी धंदाच करीत व्हते ना!"

सगळा वर्ग खो खो हसला. आवडी रिकाम्या हातांनी घरी आली.

वर्षभरात चुलीचं हॉटेल झालं, पेपरात तिचा फोटो आला. मग एक दिवस मॅडम स्वतः घाटात उतरल्या आणि कौतुकाने नव्या वर्गाचं माहितीपत्रक तिच्यापुढे धरलं. त्यावर तोच फोटो होता आणि खाली ठळक छापलं होतं, 'आमच्या वर्गाने घडवलेली उद्योजिका'.

आवडीने कागद बोटांनी चाचपला. "अशी शंभर ठेवून जावा मॅडम, भज्यांच्या पुड्या बांधायला बरी हायत."