मानाचा चेंडू

कॉलेजात असताना तिने टाकलेला चेंडू समोरच्या मुलींना दिसायचाच नाही, कॅचरच्या ग्लोव्हात आदळला की नुसता ऐकू यायचा. त्याच कॉलेजात आता ती सॉफ्टबॉलची सहायक कोच म्हणून लागली होती, पण तात्पुरती. त्यामुळे नव्या मैदानाच्या उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष स्वतः बॅट घेऊन उतरले, तेव्हा मुख्य कोच तिच्या कानाशी लागले.

"जरा हळू टाक गं. साहेबांचा मान राहिला, की तुझी नोकरी पक्की झालीच म्हणून समज."

मन मारून तिने लहान पोराला द्यावा तसा चेंडू दिला. अध्यक्षांनी हवेत बॅट फिरवली. दुसराही तसाच गेला, आणि मागे उभ्या मुली तोंडावर ग्लोव्ह धरून हसू दाबायला लागल्या. तिसऱ्या वेळी मात्र साहेबांचा हात कुठून फिरतो ते तिने नीट हेरलं आणि चेंडू अलगद बॅटवर नेऊन ठेवला. तो कसाबसा घरंगळत तिच्याच पायाशी आला, तरी खुर्च्यांवरून टाळ्यांचा कडकडाट झाला.

अध्यक्ष घाम पुसत कोचकडे वळले. "हिलाच पक्कं करायचंय ना तुम्हाला? अहो, जन्मात पहिल्यांदा बॅट धरणारा माणूस जिचा चेंडू मारतो, ती पोरींना काय शिकवणार?"

कोचनी तिच्याकडे न बघता मान डोलावली.



"मी तरी दुसरं काय म्हणत होतो, साहेब."