चित्रांचा टॅब

संदेश पंचविशीचा झाला, तरी बुद्धीनं लहानच राहिला होता. तोंडी सांगितलेलं काम त्याच्या डोक्यात टिकत नसे. पण नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात त्याच्या टेबलावर चित्रांचा टॅब आला आणि तो कामाला लागला. चित्राला बोट लावलं, की टॅब मराठीत बोलायचा, ‘आता झाकण लाव. आता खोक्यात ठेव.’ आंबी गावात त्याचा बाप भिमाजी ज्याला त्याला सांगायचा, “माझं पोरगं कंपनीत जातं.” परवा सुपरवायझरनं भिमाजीला बोलावून घेतलं. टॅबमध्ये नवी सिस्टीम आली होती. चित्रं गेली, आवाज गेला, नुसती इंग्रजी अक्षरं उरली. संदेश काचेवर जागोजागी बोट दाबत होता. बापाला बघताच म्हणाला, “आबा, ह्यो बोलंना.” भिमाजीनं हात जोडले. “सायेब, त्याच्यापुरता जुना ऱ्हाऊ द्या की.” “सगळ्यांना एकच सिस्टीम आहे, भाऊ. वरून आलंय. त्याला घरी घेऊन जा.” येताना गाडीवर संदेश मागून एकसारखा विचारत होता, “म्या काय मोडलं का?” “न्हाई रं,” भिमाजी म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी संदेश कंपनीचा शर्ट घालून, केस विंचरून दारात उभा राहिला. भिमाजीला खरं सांगवेना. “आज सुट्टी हाय,” तो म्हणाला. संदेशनं हरखून टाळ्या वाजवल्या आणि पायरीवर बसून बूट काढले. “आबा, उद्या मला लवकर उठव.” “उठवतो,” भिमाजी म्हणाला आणि तोंड फिरवून गोठ्याकडे गेला.