गाडी बदलण्याची चाचणी

"चला, म्युनिक आलं," म्हणत देवस्थळींनी घड्याळ लावले. पत्नी, शरयूबाई, रिकामी बॅग उचलून सोसायटीच्या जिन्याकडे निघाल्या. चाचणीशिवाय आराखडा अंतिम करायचा नाही, ही कारखान्यातली शिस्त देवस्थळींनी निवृत्तीनंतरही सोडली नव्हती. युरोपच्या सहलीत स्टेशनवर गाडी बदलायला जेवढा वेळ मिळणार, तेवढ्यात शरयूबाईंनी हा जिना चढून उतरायला हवा होता.

पहिल्याच वळणावर त्यांना धाप लागली. कठडा धरून त्या पायरीवर बसल्या.

"गेली का हो गाडी?"

"गेली."

देवस्थळींनी आराखड्यातले म्युनिक खोडले. प्राग आणि व्हिएन्ना मागच्या महिन्यातच गेली होती. तेव्हा शरयूबाई निदान वरच्या मजल्यापर्यंत पोहोचत. फुप्फुसांच्या डॉक्टरांनी काय सांगितले, हे दोघेही बोलून दाखवत नसत. आता झुरिक आणि पॅरिस तेवढी उरली होती.

"शहरं कशाला खोडताय?" श्वास सावरत त्या म्हणाल्या. "मला खोडा. सगळी परत येतील. एकट्याला कुठे जड आहे हा जिना?"

देवस्थळी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. त्यांनी कागद मांडीवर सरळ केला, झुरिक खोडले, मग पॅरिसही.

कागदावर फक्त पुणे उरले.