पहिली ओळ

भाच्याने वेबसाइटच्या पानाची अगदी पहिली ओळ पुसली, खुर्चीत मागे रेलला आणि नोकरीवरून हाकललं जाण्याची वाट बघू लागला.

राजीनामा देण्याची सोय नव्हती. कंपनी सख्ख्या मामाची. राजीनामा दिला असता तर आईने महिनाभर अबोला धरला असता आणि पुढे जन्मभर बोलून दाखवलं असतं. मामानेच हाकललं, तर मात्र दोष मामाचा.

गिऱ्हाईक फरश्या विकणारं होतं. त्यांच्या पानावर एका चकचकीत दिवाणखान्याचं चित्र तुकड्यातुकड्यांनी जोडलेलं होतं आणि दर दोन तुकड्यांमध्ये फट दिसायची. फरशीवाले रोज फोन करायचे, "अहो, माझ्याच फरश्यांत फटी दिसल्या तर लोक घेतील कशाला?" भाचा एक फट बुजवायचा, दुसरी उघडी पडायची. हल्ली त्याला भातातसुद्धा फटी दिसत.

पुसलेली ओळ म्हणजे डॉकटाइप. पान कुठल्या नियमांनी वाचायचं, ते ती ब्राउझरला सांगते. ती गेली की पान कोसळणार, फरशीवाले मामावर ओरडणार, मामा भाच्यावर. सरळ काम.

त्याने पान पुन्हा उघडलं. फटी गायब. दिवाणखाना गुळगुळीत.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पान होतं जुन्या जमान्यातलं. ही नवी ओळ कोणीतरी नंतर वर चिकटवली होती. ओळ नसली की ब्राउझरला वाटतं, म्हातारं पान आहे, उगाच कशाला वाद घाला, आणि तो मुकाट्याने सांभाळून घेतो. भाच्याने ती परत घालायला घाईने हात पुढे केला. पण मागे मामा उभा होता.

"कुणी केलं हे?"

"माझ्या हलगर्जीपणाने झालं, मामा. काढून टाक मला."

मामाने पडद्यावरच्या गुळगुळीत दिवाणखान्यावरून बोट फिरवलं. मग फोन लावला. "ताई, पोरगं तयार झालं गं तुझं. आजपासून कंपनी त्याची."

"मामा, अरे, ऐक तरी!"

मामाने किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली.

"सुटलो रे बाबा," तो म्हणाला. "तू निदान ओळच पुसलीस. मी तर हाकललं जावं म्हणून माझ्या मामाचा सर्व्हर साबण लावून धुतला होता."