वाढत्या अंगाचं माप

थोरलीने जेवणाच्या टेबलावर सहा पट्ट्या शेजारी शेजारी अंथरल्या आणि तळहाताने सपाट केल्या. तीन तिच्या, तीन धाकटीच्या. रुंदीला सहाही सारख्या, एका टाक्याचा फरक नाही. लांबीला मात्र धाकटीच्या तिन्ही अर्ध्या वितीने आखूड.

“ओळी चुकवल्यास तू.”

“चारशेवीस. फोनवर रोज आकडा सांगत होते की नाही?” धाकटी अजून प्रवासातल्या कपड्यांतच होती. “मोज की. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

थोरलीने चष्मा लावला आणि सुईचं टोक एकेका ओळीवर टेकवत मोजायला बसली. मोजून झालं तोवर चहावर साय धरली होती. चारशेवीसच भरल्या.

आतल्या खोलीत आई पडून होती. महिनाभर थंडी तिला सोडत नव्हती. रजई अंगावर घातली की म्हणायची, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. लोकरीचं हलकं पांघरूण तिने स्वतः मागितलं होतं. एवढ्या दिवसांत तिने तोंडाने मागितलेली ती एकच गोष्ट. म्हणून दोघी बहिणींनी आपापल्या गावी बसून तीन-तीन पट्ट्या विणल्या. काल डॉक्टर आले, जाताना थोरलीला दाराशी थांबवून म्हणाले, लांबच्यांना बोलावून घ्या. आज पट्ट्या जोडायच्या होत्या.

थोरलीने टेप आणली. आपल्या पट्टीवर चार इंचांत अठ्ठावीस ओळी. धाकटीच्या पट्टीवर तीस.

मग तिच्या ध्यानात आलं. विणताना धाकटीचा हात लहानपणापासून सैल. पट्टी रुंद होऊ नये म्हणून थोरलीनेच तिला एक नंबर बारीक सुया पाठवल्या होत्या. आधी तळहाताएवढा नमुनाही विणून मागवला होता. आईची शिस्तच तशी. त्यावर आडवे टाके मोजले, ते जुळले, आणि दोघी निर्धास्त झाल्या. उभं कुणी मोजलंच नाही. बारीक सुईवर टाका अरुंद होतो तसा ठेंगणाही होतो, हे आईने दोघींना कितीदा सांगितलं होतं.

“म्हणजे चूक माझीच,” थोरली म्हणाली.

“मी कुठे काही म्हणाले?”

“तुला काय म्हणायला लागतंय. इथे उठवणं, बसवणं, पुसणं मी करते. तू तिकडून उंटावरून शेळ्या हाक.”

“येऊन उगाच गर्दी करू नकोस, हे तूच म्हणालीस ना, ताई?”

थोरली टेप गुंडाळू लागली. धाकटीने पिशवीतून सुया काढल्या. “तीस-तीस ओळी वाढवते. तीन पट्ट्या. दोन दिवसांत होईल.”

“दोन दिवस,” थोरली म्हणाली आणि तिने आतल्या दाराकडे पाहिलं. धाकटीने सुया हातातच धरून ठेवल्या.

“एवढं लांब हवं, हे ठरवलं कुणी?”

“मी. माझ्याच अंगावर मोजलं. आई आणि मी सारख्याच उंचीच्या. लग्नाआधीपासून तिचे कपडे मला होतात.”

आतून बारीक आवाज आला. “जोडताय की भांडताय?”

दोघी आत गेल्या. थोरलीने आपली एक पट्टी आईच्या उजव्या अंगावर हनुवटीपासून खाली सोडली, धाकटीने आपली डाव्या अंगावर. आईने डोळे उघडले नाहीत. तिची बोटं दोन्ही पट्ट्यांवरून फिरली.

“ही थोरलीची. ही धाकटीची.” मग म्हणाली, “बारीक सुया दिल्यास होय गं हिला? मग आखूड झाली असेल.”

“झाली,” थोरली म्हणाली. “वाढवणार आहोत.”

“पाय झाकले का?”

दोघींनी खाली पाहिलं. धाकटीची आखूड पट्टी आईच्या पावलांवरून पुढे जाऊन दोन-तीन बोटं उरली होती. थोरलीची पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होती. रोज त्या पावलांना तेल चोळणारी थोरली ती पावलं आज पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी बघत राहिली.

“झाकले,” शेवटी धाकटी म्हणाली.

“पायांवर ओझं वाटतंय. उरलंय का काही?”

थोरलीने लोंबणारं टोक उचलून हातात धरलं.

“शाळेच्या स्वेटरला मी दोन बोटं जास्त धरायचे,” आई म्हणाली. “वाढत्या अंगाचं माप. माझ्यासाठी कशाला गं धरलंत?”

थोरली पलंगाच्या कडेवर बसली. कात्रीने तिने आपल्या पट्टीच्या टोकाची गाठ कापली आणि धागा ओढला. ओळीमागून ओळ निघत गेली. उसवलेली लोकर सरळ होईना. टाक्यांची वळणं तशीच धरून तिच्या मांडीवर साचत राहिली. धाकटीने न सांगता दोन्ही हात पुढे केले, लहानपणी आई लोकर गुंडाळायला बसली की करायची तसे.

“झाली तुझ्याएवढी,” थोरली थांबून म्हणाली. “आज जोडून होईल.”

धाकटीने लोकरीखाली दिसणाऱ्या पावलांच्या दोन उंचवट्यांकडे पाहिलं.

“अजून दोन बोटं,” ती म्हणाली. हातांवरची लोकर तिने बाजूला ठेवली आणि आपल्या पट्टीची गाठ शोधू लागली.